बाळ चढला तो कडा

बाळ सरपोतदारचा तो फोटो अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला, तेव्हा कुमारराव नगरकर दुधी सोलत होते. फोटोत एक तांबडा खडक होता. खडकातून बाहेर डोकावणारं एक खुरटं झुडूप होतं, आणि झुडपाशेजारी डोक्याला हेल्मेट, कमरेला पट्टे, दोन्ही अंगठे वर, अशा थाटात बाळ उभा होता. मागे नेवाडाचं वाळवंट नजर पोचेल तिथवर पसरलेलं. खाली बाळने लिहिलं होतं, 'अनपेड लीव्ह. ग्रेड फाइव्ह पॉइंट नाइन. एज इज जस्ट अ नंबर, मित्रांनो!'

अनपेड लीव्ह हे त्या कड्यावरच्या वाटेचं नाव. अमेरिकेत कड्यावरून वर जाणाऱ्या वाटेला पहिल्यांदा चढणारा माणूस नाव ठेवतो, आणि दमलेल्या माणसाला त्या क्षणी जे सुचेल तेच पुढे कायम होतं. कुमाररावांना नावाशी कर्तव्य नव्हतं. ते फोटोखाली उगवत चाललेले अंगठे बघत होते. 'सलाम बाळकाका!' 'काका, यू रॉक!' 'आमचे प्रेरणास्थान!' शेवटचं नीलाताईंनी टाकलं होतं, म्हणजे कुमाररावांच्या स्वतःच्या पत्नीने, शेजारच्या खोलीतून.

"अहो, किती सोलताय?" नीलाताई बाहेर येत म्हणाल्या. "दुधी संपला. आता बी सोलताय तुम्ही."

इथे एक खुलासा केलेला बरा. कुमाररावांना मानाने आणि बाळला एकेरी का संबोधलंय, असं एखादा वाचक विचारील. ही गोष्ट कुमाररावांच्या बाजूने सांगितली आहे, आणि त्या बाजूला बाळ एकेरीच असतो.

दोघं एकाच वर्षी कॅरीत आले, एकाच रस्त्यावर त्यांनी घरं घेतली आणि तेव्हापासून बाळ पुढे राहिला. कुमाररावांनी मागच्या अंगणात लाकडी डेक बांधला, तर बाळने डेकवर छप्पर घालून पंखा लावला. कुमाररावांनी वाफ्यात कढीपत्ता लावला, तो थंडीत गेला. बाळचा कढीपत्ता इतका माजला की तो पिशव्या भरभरून लोकांना वाटू लागला, त्यातली एक पिशवी कुमाररावांकडे. साठीनंतर कुमाररावांचे गुडघे कुरकुरू लागले, बाळचे मात्र अजून कंपनीचे ओरिजिनल. कुमाररावांचं मागणं तसं फार नव्हतं. बाळच्या पुढे जायची आशा त्यांनी केव्हाच सोडली होती. बाळला एकदा, फक्त एकदा, आपला हेवा वाटावा आणि तो त्याने स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवावा, एवढ्यावर ते खूश झाले असते.

"मी तो कडा चढणार आहे," कुमारराव म्हणाले.

"आधी वरच्या कपाटातला प्रेशर कुकर काढून द्या," नीलाताई म्हणाल्या.

शेजारी डॉक्टर धर्मराज खोब्रागडे राहतात. मूळचे नागपूरचे, हाडांचे सर्जन, आता निवृत्त. पण समोरून येणाऱ्याच्या चालीवरून निदान करायची त्यांची सवय निवृत्त झालेली नाही. कुमारराव फिटनेस सर्टिफिकेट मागायला गेले, तेव्हा डॉक्टर लॉनमोवर ढकलत होते.

"काहून, कुमारभाऊ?" त्यांनी विचारलं. "हा एकाएकी कडा कुठून आला?"

"बाळ चढला."

"आणि उद्या बाळभाऊनं विहिरीत उडी मारली तर?"

"किती खोल विहीर?" कुमाररावांनी विचारलं.

डॉक्टरांनी लॉनमोवर बंद केला. त्यांनी कुमाररावांचे दोन्ही गुडघे तिथल्या तिथे दाबून पाहिले, मान हलवली आणि निकाल दिला, "चढायला हरकत नाही. माणूस वरून पडतो तेव्हा गुडघ्याला काही कामच राहत नाही ना. पण वजन उतरवा. आणि बाळभाऊंचा फोटो दिवसातून तीनदा बघायचा बंद करा, बीपीला चांगला नाही."

ही सहानुभूती आहे की थट्टा, ते नागपूरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळत नाही. कुमाररावांनी सोयीने सहानुभूती धरली.

कॅरीत कडे नाहीत. उंच म्हणावं असं तिथे फारसं काहीच नाही. पण मॉलच्या मागे चढाईची जिम होती, आत लाकडाच्या भिंती आणि भिंतींवर रंगीबेरंगी प्लास्टिकच्या गाठी. कुमारराव आणि नीलाताई दोघांनीही मेंबरशिप घेतली. नीलाताईंना चढायचं होतं म्हणून नव्हे. कुमारराव वर असताना खाली त्यांची दोरी धरायला घरचं माणूस हवं होतं. अपघात झाला तर आपली जबाबदारी नाही, असं जिमने सतरा ठिकाणी लिहून घेतलं. कुमाररावांनी त्यातल्या दोन वाक्यांची रचना सुधारून दिली.

जिममध्ये डेबी नावाची एक पन्नाशीची बाई शिकवायची. तिने कुमाररावांना नखशिखान्त पाहिलं आणि एका सोप्याशा भिंतीकडे बोट दाखवलं. "सर, स्टार्ट विथ फाइव्ह-सिक्स."

कुमारराव हसले. जन्मभर त्यांनी पुलांची गणितं केलेली. प्रत्येक भिंतीखाली तिच्या अवघडपणाचा आकडा लिहिलेला होता, तो त्यांनी आल्या आल्या वाचून ठेवला होता. एका भिंतीखाली ५.६, दुसरीखाली ५.८ आणि कोपऱ्यातल्या भिंतीखाली ५.१०. आता ५.१० म्हणजे ५.१. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, शाळेतलं पोर सांगेल. सगळ्यात लहान आकडा सोडून ही बाई आपल्याला एकदम ५.६ वर का चढवते? वय बघून खुशामत करत असावी.

"नो, नो," ते नम्रपणे म्हणाले. "आय ॲम अ बिगिनर. आय विल स्टार्ट विथ फाइव्ह पॉइंट टेन."

डेबीने त्यांच्याकडे बघितलं, नीलाताईंकडे बघितलं आणि काही न बोलता दोरी आणून दिली. वर्षानुवर्षं नवरे पाहिलेल्या बाईचं ते न बोलणं होतं.

पहिला महिना कुमारराव जमिनीपासून हातभर वर गेले नाहीत. भिंत बाहेरच्या बाजूला झुकलेली होती, गाठी साबणाच्या वड्यांएवढ्या होत्या. शेजारी शाळेतली मुलं सरसर वर जात होती, आणि कुमारराव सगळ्यात सोप्या भिंतीला बिलगून, गाल तिला टेकवून, दम खात होते. त्यांना झोप लागेना. बाळ ५.९ चढला आणि आपल्याला ५.१ सुद्धा जमत नाही! म्हणजे बाळ आपल्यापेक्षा किती पट पुढे, याचं गणितही त्यांनी केलं. करायला नको होतं.

एकदा त्यांनी जोर करून तिसरी गाठ पकडली आणि हात सुटला. दोरी वरच्या कडीतून फिरून नीलाताईंच्या कमरेला बांधलेली, आणि नीलाताईंचं वजन त्यांच्यापेक्षा बरंच कमी. कुमारराव खाली आले आणि नीलाताई त्याच वेगाने वर गेल्या. अर्ध्या वाटेत दोघांची गाठ पडली. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, पण समान पातळीवर येण्याचा हा पहिलाच प्रसंग.

"दूध ओट्यावरच राहिलंय," नीलाताई हवेतून म्हणाल्या. त्यानंतर डेबी नीलाताईंच्या कमरेला वाळूची पिशवी बांधायला लागली.

पण हेवा हे मोठं टॉनिक आहे. पुढच्या महिन्यात कुमारराव पाचव्या गाठीपर्यंत पोचले, त्याच्या पुढच्या महिन्यात अर्ध्या भिंतीपर्यंत. प्रत्येक खेपेनंतर ते खुर्चीत बसून डेबीला पुलांविषयी माहिती देत. कमानी, खांब, भार कुठून कुठे जातो. अर्धा तास सहज जाई. एकदा असंच बोलताना त्यांनी खेदाने सांगितलं, की माझा मित्र ५.९ चढतो आणि मी अजून ५.१ मध्ये अडकलोय.

डेबी हसायची थांबली तेव्हा तिचे डोळे पुसून झाले होते. मग तिने समजावून सांगितलं. तो दशांश नव्हेच. नऊनंतर दहा येतो. फाइव्ह-नाइनच्या वरची पायरी फाइव्ह-टेन. कुमारराव तीन महिने बाळच्या कड्यापेक्षाही अवघड भिंतीशी झोंबत होते.

कुमारराव उभे राहिले. जिममधला पंखा, भिंती, वाळूची पिशवी, सगळं त्यांना एका वेगळ्याच प्रकाशात दिसायला लागलं. म्हणजे आपण मागे नव्हतोच! आपण पुढे जाऊन तिथून लोंबकळत होतो!

"तुला ठाऊक होतं?" गाडीत त्यांनी नीलाताईंना विचारलं.

"पहिल्याच दिवशी डेबीने सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"दशांशचिन्हाबद्दल मी तुम्हाला सांगायचं?" नीलाताई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी कुमाररावांनी जे केलं, ते कोणत्याही शहाण्या माणसाने विजयाच्या पहिल्या तासात करू नये. त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं, की येत्या दसऱ्यानंतर ते नेवाडाला जाऊन अनपेड लीव्ह चढणार आहेत, 'सध्या फाइव्ह-टेनवर सराव चालू आहे, त्यामुळे सोपं जाईल.' अंगठे उगवले. लेक अनयाने ऑस्टिनहून फोन केला, "बाबा, आर यू सिरियस? डज आई नो?" आणि मग बाळचा मेसेज आला. 'वा, कुमार! अभिनंदन. तू एकटा कशाला? मीही येतो. मुलीकडे लास व्हेगसला जायचंच आहे. मला वाट माहीत आहे, तुला धीर येईल.'

धीर या शब्दावर कुमाररावांचं बोट बराच वेळ थांबलं होतं.

गाइड स्वतःचं सामान आणते, हे त्यांना सांगण्यात आलं होतं. पण बाळ चढला तो गाइडच्या दोरीवर. कुमाररावांनी स्वतःची दोरी मागवली, स्वतःचा कमरपट्टा मागवला. सामान आलं त्या आठवड्यात खंडेनवमी होती. नीलाताई खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतात, आणि त्यांची हत्यारांची व्याख्या उदार आहे. पाटावर विळी, लॅपटॉप, मिक्सरचं भांडं, कुमाररावांचं बीपीचं यंत्र, आणि यंदा मध्यभागी नवी कोरी दोरी, वेटोळं घालून. दोरीला हळदीकुंकवाची बोटं लागली, कमरपट्ट्याला झेंडूचं फूल खोवलं गेलं, निरांजन ओवाळताना कलंडलं आणि चमचाभर तूप दोरीच्या पोटात जिरलं.

"शुभच आहे," नीलाताई म्हणाल्या.

रालेच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या माणसाने बॅगेतून दोरी बाहेर काढली, आणि त्याच्या हातमोज्याची बोटं लाल झाली.

"व्हॉट इज धिस पावडर, सर?"

या प्रश्नाला हजार चांगली उत्तरं होती. कुमाररावांनी सगळ्यात वाईट उत्तर निवडलं. "इट इज रिलिजियस," ते म्हणाले.

त्या दोरीची मग एका यंत्रात, दुसऱ्या यंत्रात आणि एका कुत्र्याकडून तपासणी झाली. कुत्र्याने बॉम्ब नाही असा निर्वाळा दिला, पण तुपाचा भाग तो सोडेना. विमान चुकलं नाही, एवढंच म्हणायचं.

कडा ज्या पार्कात होता, तिथे शिरायला ठरावीक वेळेचं आरक्षण लागायचं. ते कुमाररावांनी जातीने केलं होतं. सकाळी आठला शिरायचं, कॅरीत तेव्हा अकरा वाजलेले असतात, म्हणून अकराचं. वेबसाइटवरची वेळ मुळातच नेवाडाची होती, हे त्यांना गेटवर कळलं. गेटवरची बाई शांतपणे म्हणाली, "यू आर थ्री अवर्स अर्ली." गाइड कड्याखाली आठला येऊन उभी राहणार. मागे गाड्यांची रांग. त्या रांगेतून एक पांढरी गाडी बाजूला आली, काच खाली झाली आणि आतून बाळ म्हणाला, "बसा रे. माझं रिझर्व्हेशन आहे. आठचं."

कुमारराव मागच्या सीटवर बसले, बाळच्या नातीच्या, सियाच्या, बेबी-सीटशेजारी. सीटला एक लिबलिबीत बिस्किट चिकटलं होतं. ते पुढे दिवसभर कुमाररावांच्या पँटला राहिलं.

गाइडचं नाव शॅनन. उन्हाने रापलेली, बांधेसूद, शब्दांच्या बाबतीत काटकसरी. तिने कुमाररावांची दोरी हातात घेतली, वास घेतला.

"टर्मरिक," कुमारराव म्हणाले. "अँड धिस इज घी. स्मॉल क्वांटिटी."

"या दोरीने मी माझं कुत्रंही बांधणार नाही," अशा अर्थाचं शॅनन म्हणाली. नायलॉनला काय काय लागलंय ते माहीत नसेल, तर ती दोरी बाद. पट्टाही बाद.

"तूप साजूक आहे म्हणावं तिला," नीलाताईंनी मागून सुचवलं.

शॅननने गाडीतला जादा पट्टा दिला. तो जांभळा होता आणि त्यावर फुलपाखरं होती.

मग सगळ्यांनी वर पाहिलं. फोटोत कडा मावतो तरी. प्रत्यक्षात तो मान मागे टाकून, टोपी धरून पाहावा लागत होता. तांबडा, सरळसोट, अंगावर आलेला, आणि त्याला मधोमध उभी चीर. चार टप्प्यांत चढायचा. शॅनन पुढे जाणार, वर पोचून दोन दोऱ्यांनी दोघांना सांभाळणार. बाळ बराच वेळ बघत राहिला. मग त्याने हळूच कमरेवर हात ठेवला.

"काल सियाला उचललं ना," तो म्हणाला, "तेव्हाच धरली असावी. तू जा, कुमार. माझं काय, माझं झालेलंच आहे."

झालेलंच आहे! कुमाररावांच्या अंगात त्या दोन शब्दांनी दोन घोड्यांचं बळ आलं. शॅननच्या हातात आता एक दोरी रिकामी राहिली होती. तिने नीलाताईंकडे पाहिलं. "यू क्लाइंब?"

"लिटल," नीलाताई म्हणाल्या. "इन जिम. फाइव्ह-एट."

"तू? कधी?" कुमारराव ओरडलेच.

"तुम्ही खुर्चीत बसून डेबीला पूल सांगायचात ना, तेव्हा. तिकडे एक आपोआप दोरी ओढणारं यंत्र आहे. अर्धा अर्धा तास नुसतं बसून काय करायचं?"

बाळचा कमरपट्टा नीलाताईंना बरोबर बसला. त्यांनी ओढणी बाळकडे दिली, केसांचा अंबाडा घट्ट केला आणि पुऱ्यांचा डबा सावलीत ठेवला.

कुमारराव चढले, हे प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. अंगठा चिरेत, बूट चिरेत, गुडघा खडकावर, नाक खडकावर. खालून बाळचे सल्ले येत होते. "उजवीकडे घे! अरे, उजवीकडे! तुझं उजवं रे!" प्रत्येक सल्ल्यासरशी कुमारराव वीतभर वर जात. गुडघे बोलत होते, पण त्यांचं ऐकायला वेळ नव्हता. डोळ्यांपुढे फक्त फोटो होता. तो कड्याचा माथा, तो बाळ, ते दोन अंगठे. घामाने, दमाने आणि द्वेषाने भिजलेले कुमारराव शेवटी एका ओट्याएवढ्या सपाट जागेवर येऊन आदळले. शॅननने त्यांना तिथे खडकात ठोकलेल्या बोल्टांना बांधलं. पहिला टप्पा संपला होता. अजून तीन.

कुमाररावांनी डोकं वर केलं. नाकासमोर एक खुरटं झुडूप होतं.

त्यांनी झुडपाकडे पाहिलं. झुडपामागच्या खडकाकडे पाहिलं, मागच्या वाळवंटाकडे पाहिलं. मग एक पाऊल सरकून, बाळ जिथे उभा होता नेमके तिथे ते उभे राहिले. तो फोटो माथ्यावरचा नव्हता. बाळ इथवरच आला होता. चारपैकी पहिला टप्पा, आणि इथून खाली!

इतकी वर्षं बाळ पुढे होता, आणि आज, पँटला बिस्किट आणि कमरेला फुलपाखरं असताना, ते बाळच्या बरोबरीला आले होते. आता एक फूट वर गेलं, की बाळच्या पुढे. फक्त एक फूट.

पण पाय हलेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पाय म्हणाला, कशाला? गेले सहा महिने हे सदुसष्ट वर्षांचं शरीर ज्या इंधनावर चाललं होतं, ते नेमकं याच ओट्यावर संपलं होतं. बाळचा हेवा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि हेवा निघून गेल्याबरोबर गुडघे, कंबर, बोटं, बीपी, सगळे एकदम तक्रार घेऊन पुढे आले. खाली जमीन किती लांब आहे, हेही त्यांना तेव्हाच दिसलं. त्यांनी झुडपाला मिठी मारली. ते काटेरी होतं.

मागून नीलाताई आल्या. त्यांचा श्वास फुलला होता, पण चेहरा भाजी आणायला निघाल्यासारखा होता.

"हे ते झुडूप!" त्या म्हणाल्या. "बाळभावजींचं ना?"

"हळू बोल," कुमारराव म्हणाले. "मी खाली जातो. माझं काम झालं."

नीलाताईंनी वर पाहिलं. चीर पुढे अरुंद होत वळली होती, तिच्या पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. "अहो," त्या म्हणाल्या, "मी जरा वर काय आहे ते बघून येऊ?"

शॅननने कुमाररावांना दोरीवरून अलगद खाली सोडलं, धान्याचं पोतं उतरवावं तसं. बाळने त्यांना धरलं, पट्टा सोडवला, पाणी दिलं. दोघं खडकाच्या सावलीत बसले.

"झुडूप बघितलं," कुमारराव म्हणाले.

बाळने डबा उघडून एक पुरी कुमाररावांपुढे केली. ती त्यांनी घेतली. ती नाकारण्याइतके आता ते बाळवर चिडलेले नव्हते, आणि हीच मोठी पंचाईत होती. मग दोघांनी मान वर केली. नीलाताई तांबड्या खडकावर एका हिरव्या ठिपक्याएवढ्या झाल्या होत्या. ठिपका थांबायचा, विचार करायचा, वर सरकायचा. कुमाररावांच्या छातीत ओळखीची कळ उठली. आधी त्यांना वाटलं, दम असेल. मग लक्षात आलं. स्वतःच्या बायकोचा हेवा वाटण्याची ही पहिलीच वेळ. एका दृष्टीने सोयीचं होतं. यापुढे त्यासाठी शेजारच्या घराकडे बघायला नको.

तिसऱ्या टप्प्यावर हिरवा ठिपका चिरेच्या वळणाआड गेला आणि बराच वेळ दिसेना. कुमारराव उठून उभे राहिले. हातातली पुरी तशीच. "नीला!" ते ओरडले. वाळवंटाने तेच त्यांना परत सांगितलं. बाळही उठला. कंबर धरली असल्याचं तो विसरला होता.

मग वरून, खूप वरून, निवांत आवाज आला. "काय हो? पुऱ्या सापडल्या का?"

दिवाळीचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे मिडल स्कूलच्या सभागृहात झाला. सूत्रसंचालन मंडळाच्या आसावरीकडे होतं. पडद्यावर नीलाताईंचा माथ्यावरचा फोटो आला, त्यात त्या कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघत होत्या. सभागृह उभं राहिलं. शाल झाली, श्रीफळ झालं. "आता त्यांच्या यशामागचे आधारस्तंभ, नीलाताईंचे मिस्टर!" आसावरी म्हणाली, आणि कुमारराव खुर्चीतून अर्धवट उठून बसले. आजवर मंडळात नीलाताई 'नगरकरांच्या मिसेस' होत्या. बदल व्हायला फक्त एक कडा लागला होता.

"काय वाटलं वर पोचल्यावर?" आसावरीने विचारलं.

"वर काय आहे ते बघायचं होतं," नीलाताई म्हणाल्या. "वर अजून एक कडा होता."

टाळ्या सुरू झाल्या. कुमाररावांच्या शेजारी बाळ बसला होता. दोन ओळी पुढे बाळची बायको सुमित्रा शेजारणीशी बोलण्यात गुंग होती. बाळ पडद्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

"माझा फोटो गाइडने काढला होता रे," तो हळूच म्हणाला. "खाली कोणी नव्हतं. सुमित्राला म्हटलं, चल, नुसती खाली उभी राहा. म्हणाली, ऊन आहे. पुढच्या टप्प्याला पाय उचलला, आणि वाटलं, पडलो तर कळणार कोणाला? आणि चढलो तर तरी कोणाला? आलो खाली." त्याने मान हलवली. "तुझ्या दोरीला हळदकुंकू लावणारं कोणीतरी आहे. सहा महिने तुझी दोरी धरायला कोणीतरी होतं. हेवा वाटतो लेका तुझा."

कुमाररावांनी हात कानामागे नेला. "काय म्हणालास? टाळ्यांत नीट ऐकू आलं नाही."

पहिल्या वेळेलाच त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला होता. एवढं नीट तर गेल्या कित्येक वर्षांत काही ऐकू आलं नव्हतं.

"हेवा वाटतो म्हटलं," बाळ म्हणाला. "तुझा."

"कोणाचा?"

स्टेजवरून नीलाताई फोटोसाठी हात करून त्यांना बोलावत होत्या. सगळं सभागृह वळून बघत होतं. थांब जरा, असं कुमाररावांनी खुणेने सांगितलं, आणि कान पुन्हा बाळकडे नेला.